मदत हवी आहे : ब्रिलियाना हार्लेची पत्रं, तारखा आणि 'कझिन'

ब्रिलियाना हार्ले (१५९८–१६४३), इंग्लंडातल्या हेरफर्डशायरच्या ब्रॅम्प्टन ब्रायनची. सर रॉबर्ट हार्लेंची तिसरी बायको, सात मुलांची आई. तिच्या पत्रांवरून मराठीत कालपट आणि वंशावळ मांडायची आहे. दोन ठिकाणी गाडं अडलंय.

तारखा : तेव्हा इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्यामुळे पत्रावरचा 'जानेवारी १६३८' म्हणजे आपला १६३९. थोरला मुलगा नेड ऑक्सफर्डला शिकायला गेला ऑक्टोबर १६३८ मध्ये. साल तसंच ठेवलं तर आईचं पत्र पोरगा घरी असतानाच ऑक्सफर्डला पोचतं! म्हणून १ जानेवारी ते २४ मार्चच्या पत्रांना '१६३८/३९' असं दुहेरी साल दिलंय. तेव्हाचं इंग्रजी (ज्युलियन) आणि आजचं ग्रेगरियन कॅलेंडर यांतला दहा दिवसांचा फरक मात्र मिळवलेला नाही, नाहीतर १६४३ मध्ये यादवी युद्धात तिच्या किल्ल्याला पडलेल्या वेढ्याच्या तारखा इंग्रजी नोंदींशी जुळणार नाहीत. वाचकाला दुहेरी साल खटकेल का? की तळटीप बरी?

नाती : हे जास्त किचकट. 'कझिन' हा शब्द तेव्हा पुतण्या-भाच्यांपासून लांबच्या सोयऱ्यांपर्यंत कुणालाही चालायचा. अ‍ॅन फेअरफॅक्स आईकडून मावसबहीण, तिथे प्रश्न नाही. पण नातं लागतच नाही तिथे काय लिहावं? 'चुलत' लिहिलं तर चूक पक्की होते. 'आप्त' चालेल, की 'नात्यातला'?