साईटवर पडलेल्या कामगारानं तडजोड करावी की दावा लावावा?

कामगार कार्यकर्ती:
परांचीवरून पडलेला गवंडी दवाखान्यातून घरी जायच्या आत त्याच्यापुढे स्टॅम्प पेपर येतो. ‘चूक माझी होती, पैसे मिळाले, पुढे काही मागणार नाही.’ उजवा हात प्लॅस्टरमध्ये असेल तर डाव्याचा अंगठा घेतात. माझं म्हणणं स्पष्ट आहे, त्यावर सही करू नये. 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यानं हक्क सोडून देणारा करार रद्दबातल ठरवला होता. नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याची जागा 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतलीय, आणि भरपाईचा हा हक्क तिच्यातही आहे. मालकाची चूक दाखवावी लागत नाही. कामावर असताना, कामामुळे इजा झाली एवढं पुरे. वय 30, मजुरी महिना 12,000 आणि अपंगत्व कायमचं नि पूर्ण असेल, तर मजुरीचे 60 टक्के गुणिले कायद्याच्या तक्त्यातला त्या वयाचा गुणक 207.98. म्हणजे 14,97,456 रुपये. स्टॅम्प पेपरवरचा आकडा याच्या शेजारी ठेवून बघा.

लेबर कॉन्ट्रॅक्टर:
माणूस पडतो त्या रात्री ऑपरेशनचे पैसे कोण भरतं? आम्हीच. तो परराज्यातला, तारखांना येणार कसा? सेफ्टी बेल्ट दिलेला असताना घातला नाही, तरी भार आमच्यावर? बिल्डर आमची बिलं महिनोन्‌महिने अडकवतो. हातात रोख घेऊन गावी गेलेला कामगार निदान घर चालवतो. दावा लावलेला वाट बघत बसतो.

वकील:
उपचाराचा खर्च मालकानंच करायचा आहे, तो भरपाईत वळता होत नाही. बेल्टचं म्हणाल, तर कामगारानं मुद्दाम नियम मोडला हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तिथे तो बचाव चालतच नाही.

तडजोडीला माझा विरोध नाही, चोरून केलेल्या तडजोडीला आहे. करारनामा भरपाई अधिकाऱ्याकडे नोंदवा. रक्कम अपुरी वाटली तर तो नोंद नाकारू शकतो, म्हणूनच कुणी तिकडे जात नाही. कायद्यात यावर कडक तरतूद आहे: करार नोंदवला नाही तर पूर्ण भरपाई द्यावी लागते, आणि अधिकाऱ्यानं वेगळं सांगितलं नाही तर आधी दिलेल्या पैशातले निम्म्याहून जास्त वजाही करता येत नाहीत. म्हणजे तुमचा स्टॅम्प पेपर तुम्हालाच महागात पडेल.

जखमीचा भाऊ:
वकीलसाहेब, कागदावर सगळं बरोबर. आमचा दावा चालू असताना हजेरीपट गायब झाला, मुकादम म्हणाला हा माणूस आमचा नव्हेच. सोबतचे कामगार दुसऱ्या साईटवर निघून गेले, साक्षीला कोण येणार? वहिनीनं मंगळसूत्र मोडलं. मला विचाराल तर मी आजही म्हणेन, मिळतंय ते घ्या.

निवृत्त साईट इंजिनिअर:
दिवाणी कोर्टात निष्काळजीपणाचा दावा का नाही लावत? तिथे गुणकाची मर्यादा नाही.

वकील:
लावता येतो, पण तिथे चूक सिद्ध करावी लागते. आणि दोन्हीकडे एकदम जाता येत नाही, एक वाट धरली की दुसरी बंद. पुरावा भक्कम नसेल तर भरपाईचा मार्गच बरा.

अपंगत्वाच्या टक्केवारीवरही भांडा. 1968 मध्ये सिनेमागृहात नक्षीकाम करताना एक सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हातानं सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असं सर्वोच्च न्यायालयानं मानलं. अवयव किती टक्के गेला हे डॉक्टर सांगतो. धंदा किती गेला हा वेगळा प्रश्न आहे.

कामगार कार्यकर्ती:
भावाला सांगते, तुमचा राग रास्त आहे. पण मुकादम नाकारतो म्हणून दावा बुडत नाही, ठेकेदाराच्या माणसाची भरपाई थेट बिल्डरकडे मागता येते. लढाई पहिल्या दिवशीच ठरते. दवाखान्यात ‘घरी पडला’ असं लिहू देऊ नका, साईट असंच लिहून घ्या. पोलिसांत नोंद करा. हजेरीच्या वहीचा, तुटलेल्या फळीचा फोटो काढा. सोबत्यांचे गावाकडचे नंबर घ्या. दावा दोन वर्षांत लावायचा असतो. आणि महिन्याभरात भरपाई दिली नाही तर व्याज चढतं, 1923 च्या कायद्यात ते वर्षाला 12 टक्के होतं.

लेबर कॉन्ट्रॅक्टर:
बिल्डर भरेल आणि ते पैसे आमच्या बिलातून कापेल, ते कुणी बोलत नाही. नोंदवून तडजोड करायला मी तयार आहे. पण कामगारांच्या विम्याचा हप्ता बिल्डरनं कामाच्या दरात धरायला हवा. तो मागितला की काम दुसऱ्याला जातं.