मदत हवी आहे: कवड्या खंड्या पक्ष्याचा फोटो ब्लर येतोय

नमस्कार मंडळी, रोज सकाळी सोलापूरच्या कंबर तलावाला चक्कर असते माझी, सोबत कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची झूम लेन्स. वारकरी, टिबुकली, हळदीकुंकू बदक हे पाणपक्षी सगळे छान मिळतात, पण कवड्या खंड्या (मासे पकडणारा काळा-पांढरा पक्षी) काही केल्या जमेना. पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवत थांबतो ना तेव्हा फोकस लागतो, आणि सूर मारला की नुसता काळा-पांढरा पट्टा, शटर स्पीड १/१००० सेकंद ठेवला तरी तेच, अजून वाढवला की सकाळच्या त्या कमी उजेडात आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० च्या वर जातोय आणि फोटोत दाणे दिसतात. फोकस पॉइंट एकच ठेवता का झोन (म्हणजे एकत्र अनेक पॉइंट)? ऊन चढेपर्यंत थांबू का? नवी लेन्स सध्या शक्य नाही. आणि पक्षी उडेल इतकं जवळ मला जायचंच नाहीये, सांगा प्लीज.