नाकातला म्युकोसल मेलानोमा: ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काय विचारावं?

कृष्णाकाठ
वडील, वय 66. नाकातून काढलेल्या 'पॉलिप'च्या बायोप्सीत म्युकोसल मेलानोमा (आतल्या ओल्या अस्तरातल्या रंगपेशींचा कॅन्सर) आलाय. रिपोर्टात टी 3 (गाठ किती वाढली त्याची पायरी) आहे, पेट स्कॅनमध्ये इतरत्र काही नाही. पुढच्या आठवड्यात सर्जनची भेट आहे. कोणत्या तपासण्या मागाव्यात, घरी काय सांभाळावं?

मेणाचा_ठोकळा
आधी टी 3 बद्दल. नाक-तोंडाच्या म्युकोसल मेलानोमात मोजणीच 3 पासून सुरू होते, टी 1 आणि टी 2 नसतातच. त्यामुळे 'उशीर झाला' असा अर्थ त्यातून काढू नका.

पहिल्या लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक दोन्ही ताब्यात घ्या. ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा. उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवू नका. मोठ्या रुग्णालयात स्लाइड पुन्हा तपासून घ्या, कारण या गाठी कधीकधी काळ्या नसतात आणि दुसऱ्याच कॅन्सरसारख्या दिसतात. एस-100, सॉक्स-10, एचएमबी-45 हे डाग (मेलानोमाच्या पेशी ओळखायला स्लाइडवर दिलेले रंग) केलेत का ते बघा.

जनुकांची तपासणी एकदाच, एकत्र करा: किट, ब्राफ, एनरास. एकेक करत गेलात तर ब्लॉकमधला ऊतीचा तुकडाच संपतो. त्वचेच्या मेलानोमात ब्राफ बऱ्याचदा सापडतं, इथे कमी. इथे किट जास्त महत्त्वाचं, कारण ठरावीक किट बदलांवर इमॅटिनिबच्या गोळ्या लागू पडू शकतात. तुकड्यात हाड असेल आणि ते आम्लात मऊ केलं असेल तर डीएनए खराब होतो, मग तपासणी 'फेल' येते. तेव्हा हाड नसलेला ब्लॉक मागा.

परळ_नाका
ऑपरेशननंतर रेडिएशन का, हे डॉक्टरांकडून नीट समजून घ्या. त्याच जागी गाठ परत येण्याचं प्रमाण त्याने कमी होतं. आयुष्य वाढतं असं मात्र सिद्ध झालेलं नाही. दात आधी दाखवा. काढायचे असतील तर रेडिएशनच्या 2-3 आठवडे आधी, म्हणजे जखम भरते. नंतर काढले तर जबड्याचं हाड सडायचा धोका असतो.

नाक धुणं सर्जनने सांगितल्यावरच सुरू करा. 1 लिटर पाणी खळखळून उकळून कोमट करा, त्यात 9 ग्रॅम मीठ (सपाट दीड छोटा चमचा) आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं की नाक चुरचुरतं आणि पेशंट धुणंच टाळतो. मग खपल्या साचतात, वास येतो. नळाचं पाणी तसंच वापरू नका.

वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखं स्वच्छ टिपटिप गळलं तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. नाक शिंकरू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कृष्णाकाठ
खूप आभार. इम्युनोथेरपीचं (प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या औषधांचं) काय? 20 मिलिग्रॅमच्या स्वस्त डोसाबद्दल नातेवाईक सांगतायत.

सलाईन_स्टँड
तो डोस टाटा मेमोरियलच्या 2022 च्या अभ्यासातला: निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध 20 मिलिग्रॅम, दर 3 आठवड्यांनी, गोळ्यांच्या केमोसोबत. पण तो डोकं-मानेच्या स्क्वॅमस कॅन्सरसाठी (अस्तराच्या चपट्या पेशींच्या, वेगळ्या कॅन्सरसाठी) होता. मेलानोमाला तसाच लावता येत नाही.

म्युकोसल मेलानोमात एकट्या निवोलुमॅबने गाठ आकसण्याचं प्रमाण सुमारे 23 टक्के, इपिलिमुमॅब हे तसंच दुसरं औषध जोडल्यावर 37 टक्के दिसलं. ते आकडे पसरलेल्या किंवा ऑपरेशन न होणाऱ्या आजाराचे आहेत. जोडीने त्रासही बराच वाढतो, म्हणून वडिलांच्या बाबतीत खरंच गरज आहे का, हे थेट विचारा.

सुरू झालीच तर एक वही ठेवा: रोजच्या शौचाच्या वेळा, वजन, ताप, खोकला, डोकेदुखी. नेहमीपेक्षा 4 वेळा जास्त जुलाब झाले की त्याच दिवशी फोन. औषधाने चेतलेली प्रतिकारशक्ती आतड्यालाच सुजवते; घरातली जुलाबाची गोळी देऊन वाट पाहिली तर ती सूज झाकली जाते आणि आतडं फाटण्याची वेळ येऊ शकते. त्यावर स्टेरॉइड सुरू झाले की ते मनाने बंद करू नका, आठवडेच्या आठवडे हळूहळू उतरवतात. प्रत्येक डोसाआधी लिव्हर, क्रिएटिनिन (किडनीसाठी), साखर, सोडियम; अधूनमधून टीएसएच (थायरॉइडसाठी). शेवटच्या डोसानंतरही काही महिने त्रास उद्भवतो, म्हणून गावातल्या डॉक्टरांना औषधाचं नाव लिहून द्या.

परळ_नाका
खर्चाचं आणि राहण्याचं पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात बोला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेबद्दलही तिथेच विचारा. लगेच मुंबईला येणं जमत नसेल तर 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाइन सेवेतून टाटाच्या तज्ज्ञांचं मत मिळतं. त्यासाठी रिपोर्ट नीट स्कॅन करा, फोनवर काढलेले तिरके फोटो नकोत.