कॅमेऱ्याच्या एमएमयूचा कोड कुठे ठेवावा: ड्रायव्हरमध्ये की कर्नलच्या आयओएमएमयू स्तरात?

मिरकरवाडा_जेटी (प्रश्न)

नमस्कार. रत्नागिरीत आम्ही तिघे जण मासेमारीच्या यांत्रिक नौकांसाठी एक छोटी चित्रनोंद यंत्रणा तयार करत आहोत. नौकेवरचे दोन कॅमेरे जाळे ओढण्याचे काम टिपतात आणि दर अर्ध्या तासाला नवी फाईल सुरू होते. बोर्डावर एआरएम प्रोसेसर आणि 1 जीबी रॅम आहे. लिनक्स कर्नल आम्हीच बांधतो. कॅमेऱ्याकडून चित्र घेणारा भाग आणि व्हिडिओ एन्कोडर यांना प्रत्येकी एक स्वतंत्र लहान एमएमयू (उपकरणाने वापरलेला पत्ता रॅममधल्या खऱ्या पत्त्यात बदलणारा भाग) आहे: 32 बिटांचा पत्ता, दोन पातळ्यांची पृष्ठसारणी (कोणता पत्ता रॅममध्ये कुठे आहे याची यादी), प्रत्येक पातळीवर 1024 नोंदी आणि 4 केबीचे पृष्ठ, म्हणजे मेमरीचा एक तुकडा.

आमची एक चौकट (फ्रेम) 1920 × 1080 ची असून दर पिक्सेलला दीड बाइट लागतो. म्हणजे 3110400 बाइट, किंवा 760 पृष्ठे. काही तास चाललेल्या बोर्डावर इतकी सलग मेमरी हमखास मिळत नाही, म्हणून एमएमयू वापरणे भाग आहे. पृष्ठसारणी भरण्याचा कोड मी कॅमेऱ्याच्या ड्रायव्हरमध्येच लिहिला आणि नंतर एन्कोडरच्या ड्रायव्हरमध्ये जसाच्या तसा चिकटवला. हे बरे दिसत नाही, याची मला कल्पना आहे.

पहिली फाईल स्वच्छ येते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या फाईलपासून चित्रात बारीक आडव्या पट्ट्या दिसू लागतात आणि त्यांत कधी कधी जुनेच दृश्य असते. एकदा तर फाइलसिस्टमनेही चुका दाखवून काम थांबवले. फाईल बदलताना आम्ही सगळे बफर सोडून नवे घेतो. या पट्ट्या कशामुळे येत असाव्यात, आणि हा कोड मुळात कुठे असायला हवा: ड्रायव्हरमध्ये, की उपकरणांचे एमएमयू सांभाळणाऱ्या कर्नलच्या सामायिक भागात, म्हणजे आयओएमएमयू स्तरात? पावसाळी बंदी उठण्याआधी हे मार्गी लागावे, अशी इच्छा आहे.

कातळशिल्प

पट्ट्यांपासून सुरुवात करतो. एका पट्टीची उंची मोजून पाहा. 4096 ला 1920 ने भागले तर दोनहून थोडे अधिक येते. म्हणून पट्टी दोन-तीन ओळींची भरली, तर चित्रातून नेमके एकेक पृष्ठ गहाळ होत आहे असे समजावे. माझा संशय टीएलबीवर, म्हणजे एमएमयू सारणीतल्या वापरलेल्या नोंदींच्या प्रती जिथे जवळ ठेवतो त्या लहान साठ्यावर आहे.

आपल्या कोकणातल्या माणसाला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. तलाठ्याने फेरफार नोंदवला, तरी जुना उतारा ज्याच्या खिशात आहे तो त्याच्याच भरवशावर व्यवहार करत राहतो. पृष्ठसारणी हे दप्तर आहे आणि टीएलबी हा खिशातला उतारा. तुम्ही बफर सोडला, सारणीतली नोंद पुसली, नव्या बफरला तोच पत्ता दिला. पण हार्डवेअरकडे जुनी नोंद शिल्लक असेल, तर कॅमेरा नव्या बफरऐवजी जुन्या पृष्ठावर लिहीत राहतो. टीएलबी लहान असल्यामुळे मोजकीच पृष्ठे चुकतात, म्हणून संपूर्ण चित्र न बिघडता पट्ट्या येतात. मात्र पट्ट्यांकडे फक्त लक्षण म्हणून पाहा. ती जुनी पृष्ठे कर्नलने एव्हाना फाइलसिस्टमला किंवा दुसऱ्या कोणाला दिलेली असतात आणि कॅमेरा त्यांच्यावर बिनदिक्कत लिहितो. खरे नुकसान तिथे होते, आणि फाइलसिस्टमची तक्रार बहुधा त्यातलीच आहे.

म्हणून सोडण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी उपकरण थांबवावे, मग सारणीतली नोंद पुसावी, ती नोंद प्रोसेसरच्या कॅशमध्ये न अडकता मेमरीपर्यंत पोहोचली आहे याची खात्री करावी (तुमचा एमएमयू प्रोसेसरचे कॅश पाहत नसेल, तर हे हाताने करावे लागते), मग टीएलबीतली नोंद रद्द करून ते काम पूर्ण होईपर्यंत थांबावे, आणि त्यानंतरच तो पत्ता व ते पृष्ठ मोकळे करावे. मॅप करण्याचा, म्हणजे सारणीत नोंद भरण्याचा कोड एका संध्याकाळी लिहून होतो. अनमॅपच्या, म्हणजे नोंद काढण्याच्या कोडला मात्र आठवडा द्यावा लागतो.

सुरुबन

वरील निदान मला पटते, पण त्यावर सुचवला जाणारा उपाय गरजेपेक्षा मोठा ठरेल, असे वाटते. लिनक्स 3.5 पासून, म्हणजे 2012 पासून, कर्नलमध्ये सीएमए, म्हणजे सलग मेमरी राखून ठेवण्याची सोय आहे. दोन कॅमेऱ्यांचे प्रत्येकी सहा बफर धरले, तरी 40 एमबीच्या आत भागते. बूट होताना तेवढी जागा राखून ठेवावी आणि एमएमयू बंद ठेवावा, म्हणजे टीएलबीचा प्रश्नच उरत नाही. तिघांच्या चमूने आयओएमएमयू ड्रायव्हर लिहून तो वर्षानुवर्षे सांभाळणे मला व्यवहार्य वाटत नाही.

कातळशिल्प

कॅमेरा एकच असता, तर मीही हेच सुचवले असते. पण एमएमयू बंद असताना एन्कोडरला संपूर्ण रॅम उघडी असते, आणि त्यातली एखादी चूक कर्नललाच लिहून खराब करू शकते. शिवाय सीएमएच्या भागात कोणी पृष्ठ अडकवून ठेवले, तर तिथेही सलग जागा नाकारली जाते.

आता दुसरा प्रश्न. एमएमयूसाठी एकच वेगळा ड्रायव्हर लिहून तो कर्नलच्या आयओएमएमयू स्तरात नोंदवावा. डोमेन (पत्त्यांचा एक स्वतंत्र संच) तयार करणे, उपकरण त्याला जोडणे, मॅप, अनमॅप आणि टीएलबी रिकामा करणे, एवढीच कामे त्याने करायची. पत्ते वाटण्याचे आणि वर सांगितलेला क्रम पाळण्याचे काम तो स्तर करतो. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर नेहमीच्या डीएमए एपीआयकडे (उपकरणांसाठी मेमरी मागण्याच्या कर्नलच्या सोयीकडे) बफर मागतो. पृष्ठे विखुरलेली असली तरी उपकरणाला पत्ता सलगच दिसतो, त्यामुळे त्या ड्रायव्हरला एमएमयूचे अस्तित्वही ठाऊक असण्याची गरज नसते.

या स्तरात टीएलबी रिकामा करण्याच्या दोन पद्धती आहेत. कडक पद्धतीत प्रत्येक अनमॅपबरोबर तो रिकामा होतो. सैल पद्धतीत सोडलेले पत्ते रांगेत थांबतात आणि रांग भरली किंवा ठरावीक वेळ उलटली (साधारणपणे 256 नोंदी किंवा 10 मिलिसेकंद), की सगळे एकदम रिकामे होते. नेटवर्क कार्डाला ही सवलत हवी असते, कारण तिथे पॅकेटागणिक मॅप-अनमॅप चालते. तुमचे बफर अर्धा तास जागचे हलत नाहीत. तुम्ही कडक पद्धतच ठेवावी.

एक गोष्ट मात्र पुस्तकी वाचनातून ध्यानात येत नाही: वीज वाचवण्यासाठी चिपचा कॅमेरा व एमएमयू असलेला भाग बंद झाला, की एमएमयूची रजिस्टरेही पुसली जातात. तो पुन्हा सुरू होताना सारणीचा मूळ पत्ता नव्याने भरावा लागतो, आणि कॅमेऱ्याआधी एमएमयू जागा होईल असा दुवा दोन उपकरणांमध्ये जोडावा लागतो.

मिरकरवाडा_जेटी

आपणा दोघांचा आभारी आहे. माझ्या या उत्तराला तीन आठवडे लागले. त्यातले काही दिवस पावसाने वीज घालवल्यामुळे वाया गेले. पट्टी मोजली, ती दोन-तीन ओळींचीच निघाली. माझ्या कोडमध्ये टीएलबी फक्त मॅप केल्यावर रिकामा होत होता, आणि तोही पहिल्या वेळीच. आता वेगळा ड्रायव्हर लिहिला आहे. चिकटवलेला कोड गेला आणि सलग दोन दिवस एकही पट्टी आलेली नाही.

सुरुबन यांच्यासाठी एक अनुभव नोंदवतो. नवा ड्रायव्हर सुरू करताच एमएमयूच्या फॉल्ट इंटरप्टने (सारणीत नसलेला पत्ता वापरल्याच्या इशाऱ्याने) एन्कोडरला पकडले: तो बफरच्या शेवटापुढचे पृष्ठ वाचत होता. तो 16 ओळींच्या पटीत काम करतो; 1080 ला 16 ने पूर्ण भाग जात नसल्यामुळे तो उंची 1088 धरतो, आणि मग चौकटीला 760 ऐवजी बरोबर 765 पृष्ठे लागतात. माझ्या जुन्या कोडमध्ये बफर एकमेकांना खेटून असल्यामुळे तो मुकाट्याने शेजारचा बफर वाचत होता. कर्नल पत्ते देताना मध्ये मोकळी जागा सोडतो, म्हणून ही चूक उघडी पडली. बफरचा आकार वाढवला आहे. वीज बंद-चालू होण्याची चाचणी अजून बाकी आहे. ती उद्यापासून घेऊ.