थकव्याच्या नियमावलीवर हरकती-सूचना मागवल्यात, काय लिहू?

नाईटवाला:
मंडळी, कामावरच्या थकव्याचा धोका कसा हाताळायचा याच्या नियमावलीचा मसुदा आलाय आणि त्यावर कामगारांसकट सगळ्यांकडून हरकती-सूचना मागवल्यात. मी मेंटेनन्सला आहे, 12 तासांची शिफ्ट, रिलिव्हर (पुढच्या शिफ्टला आपली जागा घेणारा) नाही आला की सरळ 16 तास. मागच्या महिन्यात अशाच एका डबलमध्ये पहाटे चारच्या सुमारास मी भलत्याच पंपाच्या व्हॉल्व्हला हात घातला, जोडीदार ओरडला म्हणून वाचलो. त्याची नोंद कुठेच नाही, मीच केली नाही, भीती वाटली. आणि मसुद्यात काय तर पानभर 'कर्मचाऱ्याने पुरेशी झोप घेऊन यावे'. वाचून फार वाईट वाटलं. मला नीट लिहायचंय, कसं लिहू?

शिफ्टचा_तक्ता:
तो पंपाचा प्रसंग आहे तस्सा लिही, नाव नको, वेळ आणि किती तास झाले होते ते लिही. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचं काम रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं होतं आणि 24 तासांनी साधारण 0.10 सारखं, हे 1997 सालीच संशोधनातून पुढे आलंय. आता हिशोब कर, 16 तासांची ड्युटी म्हणजे झोपेतून उठल्यापासून मोजलं तर 17 कधीच उलटले, आणि त्यानंतर गाडी चालवत घरी जायचं. पिऊन आलेल्याला गेटवर अडवतात ना, मग याला कोण अडवणार, हे विचार त्यांना. मी स्वतः शिफ्ट लावायचं काम केलंय, थकवा निम्मा त्या तक्त्यातच लिहिलेला असतो.

वॉर्डमधली:
दादा, मी नर्स आहे, थोडं वेगळं सांगते. मला 12 तास चालतात, सुट्ट्या जास्त मिळतात, म्हणून सरसकट 12 तास बंद करा असं नका लिहू प्लीज. मारतं ते उलटं रोटेशन, नाईट संपली की सेकंड (दुपारची) आणि मग फर्स्ट (सकाळची). शरीराला झोप पुढे ढकलणं जमतं, अलीकडे ओढणं जड जातं, म्हणून फर्स्ट-सेकंड-नाईट असं पुढेच सरकायला हवं. आणि दिवसाची झोप रात्रीसारखी होतच नाही, कमी होते आणि सारखी मोडते, त्यामुळे दोन ड्युट्यांमधलं अंतर आकड्यात मागा. युरोपियन युनियनमध्ये 24 तासांत सलग किमान 11 तास विश्रांतीचा नियम आहे, तोच धरा.

सेफ्टी_डेस्क:
दोन गोष्टी. अमेरिकेतल्या थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्रातला अपघात (1979) पहाटे चारला सुरू झाला, चेर्नोबिल अणुवीज केंद्रातला स्फोट (1986) रात्री 1:23 ला. दोन्हीची कारणं बरीच होती, नुसता थकवा नव्हे, पण पहाटे माणूस सगळ्यात ढिला असतो हे धरूनच कामं लावायला हवीत, अवघड आणि धोक्याचं काम त्या वेळेत नकोच. दुसरं, थकव्यामुळे झालेली चूक स्वतःहून सांगणाऱ्यावर कारवाई नाही, हे स्पष्ट लिहून मागा. नाहीतर तुमच्यासारखे सगळेच गप्प बसतात आणि कागदावर थकवा शून्य.
आणि हो, 20 मिनिटांच्या डुलकीची सोय मागाल तर उठल्या उठल्या मशीनला हात लावायचा नाही हेही टाका, झोपेची गुंगी उतरायला वेळ लागतो.

नाईटवाला:
खूप आभार सगळ्यांचे. ताई, 12 तासांचं काढून टाकतो, तुमचं बरोबर आहे. आत्ता मसुदा परत वाचला, रिलिव्हर आला नाही तर थांबायचं कोणी आणि काम बंद ठेवायचा अधिकार कोणाला, याबद्दल त्यात एक ओळसुद्धा नाहीये. पहिला मुद्दा तोच घेतो आणि खाली पंपाचं सगळं लिहितो.