विजयदुर्ग खाडीतली फ्लाय फिशिंग सहल: तिथी, होड्या, सामान आणि स्पर्धेचे नियम

प्रेषक: सहल समन्वयक
विषय: कोकण सहल, पहिला मसुदा

मंडळी, नमस्कार.

हिवाळ्याच्या सुट्टीत गावी असणाऱ्यांपैकी बारा जण फ्लाय रॉड घेऊन येणार आहेत, म्हणजे 'फ्लाय' (पिसादोऱ्यांचं नकली भक्ष्य बांधलेला गळ) फेकायची लवचीक काठी. घरची मंडळी वेगळी. जागा विजयदुर्ग खाडी, म्हणजे वाघोटन नदीचं मुख आणि आत दोन्ही काठांची कांदळवनं. तारकर्ली-देवबाग बऱ्याच जणांनी सुचवलं होतं, पण सुट्टीत कर्ली नदीच्या मुखाशी जेट-स्की आणि बनाना राइडची इतकी वर्दळ असते की लाइन (फ्लाय वाहून नेणारी जाड दोरी) पाण्यावर सुखाने पडायची नाही. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तो विषय तिथेच संपला. दाभोळ खाडी सुंदर आहे, पण वर चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत. आपल्यातले निम्मे लोक गुडघाभर पाण्यात उतरून कास्ट करणारे (लाइन फेकणारे), त्यामुळे तीही बाद.

रेल्वेने येणाऱ्यांनी राजापूर रोड किंवा वैभववाडी रोडला उतरावं. गाडीने येणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला वळावं.

माझा विचार: रविवारी सकाळी नाश्ता करून नऊला होड्या सोडायच्या आणि चारला परत यायचं. चालेल?

प्रेषक: देवगडचे काका
विषय: उत्तर: कोकण सहल, पहिला मसुदा

नाही चालणार. रविवार धरू नका, तिथी धरा.

तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे तुमच्या आजोबांना पाठ होतं. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचारला भरती आणि साधारण सव्वासहा तासांनी, दहाच्या सुमारास, सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. हा हिशोब मुंबई-अलिबागकडचा. दक्षिणेला पाणी त्याच्या आधी चढतं-उतरतं, आणि खाडीत जितकं आत जाल तितका पुन्हा उशीर होतो. तेव्हा हिशोब दिवस ठरवण्यापुरता वापरा, मिनिटांसाठी विजयदुर्गचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघा.

पंचमीच का? पुनव-अमावास्येनंतर एक-दोन दिवस उधाण असतं. पाणी गढूळ होतं आणि भरतीला कांदळाच्या मुळांत पार आत शिरतं. मासाही त्याच्यासोबत आत जातो, तुमची फ्लाय बाहेरच फिरत राहते. अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार सगळ्यात कमी. पाणी निवळ, पण हलत नाही, आणि पाणी हललं नाही तर जिताडा (खाडीतला मोठा शिकारी मासा) तोंड उघडत नाही. पंचमी-षष्ठीला दोन्हींचा मध्य मिळतो. चतुर्थीही चालली असती, पण वद्य घेतली तर संकष्टी येते, आणि उपाशी माणसाच्या हातात गळ द्यायला मी तयार नाही.

सकाळी सातला होड्या पाण्यात हव्यात. ओहोटीचे शेवटचे दोन-तीन तास आणि भरतीचा पहिला दीड तास, एवढाच खरा खेळ. पाणी उतरताना खाजणातून (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीतून) येणाऱ्या प्रत्येक व्हाळाच्या (ओढ्याच्या) तोंडाशी कोळंबी आणि बारकी मासळी बाहेर ढकलली जाते. जिताडा आणि तांबोशी तिथेच, मुख्य प्रवाहाच्या कडेला, पाण्याकडे तोंड करून उभे असतात. फ्लाय व्हाळाच्या तोंडात वरच्या बाजूला टाकायची आणि पाण्याबरोबर खाली येऊ द्यायची. उलट्या दिशेने ओढत नेलीत तर प्रवाहाविरुद्ध पळणारी कोळंबी कुठल्याच माशाला पटत नाही.

सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून आणि हलका. अकरानंतर समुद्राकडून वायव्येचा वारा सुटला की लाइन तुमच्या टोपीत येईल. साडेअकराला सगळे धक्क्यावर. चारबिर काही नाही.

आणखी एक. खाडीत जाळी लावलेली असतात. बोयांच्या (जाळ्यांच्या तरंगत्या खुणांच्या) काठ्या दिसल्या की होडी बाहेरून घ्यायची. सुकतीला बायका तिसऱ्या आणि मुळे (शिंपल्या) काढायला उतरतात, त्यांच्यापासून किमान तीस मीटर लांब. मागे जाणाऱ्या लाइनला डोळे नसतात. मुखाबाहेर पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर तिकडे रॉड काढायचाच नाही.

प्रेषक: सहल समन्वयक
विषय: उत्तर: कोकण सहल, पहिला मसुदा

काका, मान्य. पौष वद्य पंचमी, वार कुठलाही येवो. सहा होड्या, प्रत्येकीत दोन गरवणारे (गळाने मासे धरणारे) आणि एक स्थानिक तांडेल (होडी चालवणारा). एका वेळी एकानेच कास्ट करायचं. दुसरा बांबूने होडी रेटणार किंवा नुसता बसणार. वीस मिनिटांनी किंवा मासा लागल्यावर, जे आधी होईल तेव्हा, अदलाबदल. अठरा-वीस फुटी होडीत दोघं एकदम कास्ट करायला गेले की एकाची फ्लाय दुसऱ्याच्या कानात जाते.

तांडेलशी भाडं दिवसाचं ठरलेलं आहे, माशावर नाही. हे मुद्दाम. माशामागे पैसे ठेवले की तो तुम्हाला शेंगाळ्यांच्या (मिशाळ, काटेवाल्या माशांच्या) खड्ड्यावर नेऊन बसवील आणि मोजणी वाढवून दाखवील.

सामानाचं ताई लिहितील.

प्रेषक: सामान आणि शिबिर, ताई
विषय: कोणती लाइन आणायची

सगळ्यांना,

पहिली गोष्ट, तिकडे थंड मुलुखात ट्राउट माशासाठी वापरता ती थंड पाण्याची लाइन आणू नका. कोकणात जानेवारीतही दुपारी तीस अंशांच्या वर जातं. त्या उष्णतेत थंड पाण्याच्या लाइनचा गाभा आणि लेप मऊ पडतो, ती गाइडला (रॉडवरच्या कड्यांना) चिकटते, दूर जात नाही आणि पायाशी गुंता होतो. उष्ण कटिबंधाची, वेट फॉरवर्ड (पुढचा भाग जड), फ्लोटिंग (तरंगणारी) लाइन हवी. ती तुमच्या थंड अंगणात सरावाला काढलीत तर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली राहील, हाताने ताणून घ्या. एका होडीत एक तरी इंटरमीडिएट (हळूहळू बुडणारी) लाइन असावी, कारण भरती सुरू झाल्यावर मासा खाली जातो.

रॉड ९ फूट, ८ वेट (लाइनच्या वजनाचा क्रमांक, मोठा तितका रॉड दणकट), चार तुकड्यांचा. ६ वेट किनाऱ्यावर मुडदुशी किंवा बारक्या माशांसाठी ठीक, पण तांबोशी मुळांकडे धावली की ६ वेटने ती वळत नाही. रीलचा ड्रॅग (दोरीला अडवणारा ब्रेक) बंदिस्त असावा. बॅकिंग (लाइनच्या मागची जास्तीची दोरी) २० पौंडी डेक्रॉन, दीडशे मीटर पुरे. इथले मासे लांब पळत नाहीत, जवळच्या मुळांत घुसतात.

लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधली बारीक दोरी) एकूण साडेसात फूट: ४० पौंडी तीन फूट, ३० पौंडी एक फूट, २० पौंडी दोन फूट आणि शेवटी ४० पौंडी फ्लोरोकार्बन दीड फूट. शेवटचा जाड तुकडा दातांसाठी. जिताड्याचे दात कानसेसारखे, दोरी एका झटक्यात कापत नाहीत, घासून घासून तोडतात. शिवाय त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, तीही दोरी कापते आणि हातही. दर माशानंतर शेवटच्या वीतभर दोरीवरून नख फिरवा, खरखरीत लागली तर कापून पुन्हा बांधा. फ्लाय नॉन-स्लिप लूपने (न आवळणाऱ्या फाशाच्या गाठीने) बांधा, म्हणजे ती हलत राहते. लीडरमध्ये वाऱ्याने आपोआप पडलेली साधी गाठ दिसली तर ती सोडवा किंवा तुकडा बदला. त्या एका गाठीने दोरीची ताकद निम्म्यावर येते आणि तुटते ती तिथेच.

फ्लाय: क्लाउझर मिनो (बारक्या मासळीचा नमुना) १/० आणि २/० (गळाचे आकार), पांढरा-हिरवा आणि पांढरा-तपकिरी, प्रत्येकी चार. कोळंबीचा नमुना, गळाचं टोक वर राहील असा, चार. दोन-तीन डिसिव्हर (हाही मासळीचाच नमुना). निदान निम्म्यांना मुळांत अडकू नये म्हणून वीड गार्ड हवा. शेपटाची पिसं छाटलेली परत आली तर खाली केंड मासा आहे. तिथे वेळ घालवू नका, होडी पन्नास मीटर हलवा. चुकून केंड लागलाच तर पक्कडीने सोडवा. विषारी मासा आहे, धक्क्यावर आणू नका.

सगळ्या गळांची काटी (टोकाजवळचा उलटा काटा) पक्कडीने दाबून सपाट करायची. होडीत चढण्यापूर्वी मी प्रत्येक गळ कापसावर ओढून बघणार. कापूस अडकला तर गळ परत.

गुंता ही खरी डोकेदुखी. कोकणातल्या होडीत खिळे, कड्या, नांगर, डिझेलचा डबा, सगळं उघडं असतं आणि सैल लाइन नेमकी तिथे जाऊन बसते. उपाय: बाजारातला प्लास्टिकचा टब, साधारण ४० बाय ३० सेंटिमीटर, पंधरा खोल. तळाला भोकं पाडून बारा-पंधरा केबल टाय उभे खोचा आणि टब पट्ट्याने कमरेला बांधा. लाइन त्या टायांच्या मध्ये पडते, वेटोळं सरकत नाही. होडीच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) ओलं गोणपाट पसरा.

आता सवयीचं. ट्राउट लागल्यावर रॉड वर उचलायची सवय असते. इथे ती विसरा. जिताड्याचं तोंड कडक, आणि रॉड उचलला की फ्लाय वर निघून जाते. रॉडचं टोक पाण्याला टेकवून ठेवा, डाव्या हाताने लाइन लांब आणि घट्ट ओढा, वजन लागलं की पुन्हा एकदा ओढा, मगच रॉड उचला, तोही आडवा. पहिल्या दोन सेकंदांत लाइन सोडली तर मासा मुळांत गेलाच.

संध्याकाळी रॉड, रील, पक्कड गोड्या पाण्याने धुवा. रील बादलीत बुडवू नका, वरून हलकं पाणी ओता. जोराच्या धारेने मीठ आत ढकललं जातं.

प्रेषक: आजीव सभासद, दादा
विषय: उत्तर: कोणती लाइन आणायची

हे सगळं वाचून एकच प्रश्न. जिताडा धरायचा, मोजायचा आणि सोडून द्यायचा? मग जेवायला काय, केबल टाय?

प्रेषक: देवगडचे काका
विषय: उत्तर: उत्तर: कोणती लाइन आणायची

दादानू, जेवणाचा मासा धक्क्यावर विकत घ्यायचा. तिथल्या मासळीवाल्या मावशीला दोन दिवस आधी सांगितलं की सुरमई, बांगडे, तिसऱ्या, जे येईल ते बाजूला ठेवते. सोलकढी घरची.

जिताडा सोडायचं कारणही ऐकून ठेवा. तो नर म्हणून मोठा होतो आणि काही वर्षांनी मादी बनतो. साधारण ८० सेंटिमीटरच्या पुढचा म्हणजे बहुधा मादीच. तुमच्या स्पर्धेत सगळ्यात मोठ्या माशाला बक्षीस ठेवलंत आणि तो कालवणात गेला, तर खाडीतल्या अंड्याच्या माद्याच वेचून काढल्यासारखं होईल. लहान मासळीचं म्हणाल तर राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला आहे, तोही लक्षात असू द्या.

प्रेषक: सहल समन्वयक
विषय: स्पर्धेचे नियम

या वादावरूनच नियम लिहितो.

वजनकाटा नाही. लांबी सेंटिमीटरमध्ये. काट्याला कल्ल्यातून टांगलेला मोठा मासा आतून फाटतो, सोडला तरी जगत नाही. प्रत्येक होडीत एका टोकाला आडवी फळी असलेला मोजपाट. पाट आधी ओला करायचा, माशाचं तोंड बंद करून फळीला टेकवायचं, शेपूट पूर्ण दिसेल असा वरून फोटो. फोटोत त्या सकाळी वाटलेलं क्रमांकाचं कार्ड दिसलं नाही तर मासा मोजणीत धरला जाणार नाही. कार्ड आदल्या रात्री वाटत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे.

जिताडा आणि तांबोशी: एका सेंटिमीटरला एक गुण, ३० च्या आत शून्य. बोयीला दुप्पट गुण. शेवाळ-चिखल खाणारा मासा फ्लायला क्वचितच लागतो, तेव्हा ज्याला लागला त्याने मिरवावं. शेंगाळा, पाकट, केंड: शून्य. हे शून्य तुमच्या हातांसाठी आहे. होडीच्या सर्वांत लांब तीन माशांची बेरीज. बरोबरी झाली तर ज्यांचा तिसरा मासा आधी मोजला गेला ते पुढे. गुण होडीचे, माणसाचे नाहीत, नाहीतर बांबू कोणी हातात धरणार नाही.

मासा रबरी जाळीत पाण्यातच ठेवायचा, हात ओले, पाण्याबाहेर एका वेळी फार तर वीस सेकंद. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून बारीक दोरीवर दहा मिनिटं खेळवून दमवणं इथे कौतुकाचं नाही. सोडताना प्रवाहाकडे तोंड करून धरा, स्वतःहून सुटून जाईपर्यंत. मेलेला मासा मोजणीत नाही.

घरच्यांसाठी आणि मुलांसाठी दुपारी नेम धरायची स्पर्धा. स्कूटरचे जुने टायर ८, १२ आणि १६ मीटरवर. गळाऐवजी लोकरीचा गोंडा. प्रत्येक टायरला तीन कास्ट. आत पडला तर तीन गुण, कडेला लागला तर एक. ही पुळणीवर किंवा कातळावर घ्यायची नाही. वाळूचे कण लाइनच्या लेपात रुततात आणि जांभा तर लेप सोलूनच काढतो. गवत मिळालं तर उत्तम, नाहीतर ताडपत्री अंथरू. बघणारे मागे नको, बाजूला.

प्रेषक: डॉक्टर वहिनी
विषय: उत्तर: स्पर्धेचे नियम

दोन थर्मास गरम पाणी धक्क्यावर आणि प्रत्येक होडीत एक. चहासाठी नाही. शेंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, अर्धा ते दीड तास ठेवायचा. दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने आधी पाणी तपासा. दुखणाऱ्या हाताला चटका कळत नाही. वेदना उतरली तरी दवाखाना आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. काटा आत तुटला असेल तर उकरू नका.

पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, तळाला घासत सरकवा. वाळूतलं पाकट पायाखाली येण्याआधी निघून जातं. चप्पल चालणार नाही, कालवांच्या कडा रबर चिरतात. जाड तळाचे, घोटा झाकणारे बूट. चष्मा सगळ्यांना, तांडेललासुद्धा. लाइफ जॅकेट अंगावर, होडीत उशाला नाही.

प्रेषक: आजीव सभासद, दादा
विषय: उत्तर: उत्तर: स्पर्धेचे नियम

बरं. एक शंका राहिली. महाडजवळ वाळण कोंडीत मोठे मासे आहेत म्हणतात, जाता-जाता तिथे एक तास?

प्रेषक: देवगडचे काका
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: स्पर्धेचे नियम

ते वरदायिनीचे मासे. तिथे लोक कुरमुरे टाकतात, गळ नाही. रॉड गाडीतच ठेवा.

समन्वयक, तांडेलांना डिझेलचे पैसे आदल्या संध्याकाळी द्या. सकाळी सातला पंप शोधत फिरलात तर ओहोटी थांबणार नाही.