कडक क्लिअर कोट असेल तर आधी पॅड बदल

भावा, तीनदा पॉलिश मारूनही काळ्या गाडीवरची कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे जात नाहीत म्हणतोस, तर हात दुखवून घेऊ नकोस. तुझी गाडी जर्मन असेल, तर तिचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, बहुतेक कडकच असणार. मऊ फोमचा पॅड त्यावर नुसता फिरतो, कापत नाही.

माझीही काळीच. आधी एकाकडून रोटरी, म्हणजे नुसतं गोल फिरणारं पॉलिश मशीन, मारून घेतली. दुकानात आरसा! दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर उन्हात लावली, तर बॉनेटभर पंख्यासारखे धुरकट पट्टे. चरे पॉलिशच्या तेलानं भरले होते, गेले नव्हते.

मग ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता हलवतं ते) घेऊन स्वतःच बसलो. मायक्रोफायबर कटिंग पॅड, त्यावर कंपाउंडचे (चरे घासून काढणाऱ्या जाड पॉलिशचे) चार थेंब, सावलीत, गार पत्र्यावर. आधी दोन बाय दोन फुटांचाच तुकडा. हात अगदी सावकाश, नांगर धरल्यागत, आणि दर तुकड्याला पॅड हवेनं झाडायचा; भरलेला पॅड कापत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं तेल पुसून टॉर्च मारायचा, म्हणजे खरं काय ते दिसतं. या पॅडनं येणारा धुरकटपणा फोम पॅड आणि बारीक पॉलिशनं जातो.

नखाला लागणारा खोल चरा मात्र सोड. क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), घासला की परत येत नाही.

आणि उसाच्या ट्रॉलीमागनं आलास की कोरडं फडकं मारू नकोस, आधी पाण्यानं माती सोडव. निम्मे चरे तिथंच पडतात.